मेलेल्या प्रवाळाचा खटला



मागच्या व्याख्यानानंतर एका बाईंची चिठ्ठी आली. त्यांनी विचारलं होतं, 'तुम्ही तत्त्वज्ञानाचे माणूस, मग पुढचा विषय समुद्रातली पोवळी कसा काय?' प्रश्न रास्त आहे. आम्ही आयुष्यभर वर्गात नीतिशास्त्र शिकवलं. आम्हांला पोहता येत नाही. ऑस्ट्रेलियाचा ग्रेट बॅरिअर रीफ आम्ही डोळ्यांनी पाहिलेला नाही, आणि या वयात आता पाहू असंही वाटत नाही. पण त्या रीफला वाचवण्याचा जो साठेक वर्षांचा इतिहास आहे, तो वाचताना आम्हांला एक जुनाच प्रश्न पुन्हा भेटला. एखादी गोष्ट 'वाचवायची' म्हणजे नेमकं काय करायचं? कुणापासून वाचवायची? तिच्याभोवती कुंपण घातलं की काम झालं का? आज त्याबद्दल बोलू.

सुरुवात एका खटल्यापासून करतो. साल १९६७. ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येला क्वीन्सलंड नावाचं राज्य आहे. किनारपट्टीवर ऊसच ऊस. आपल्या कोल्हापूर-सांगलीच्या माणसाला तिथे परकं वाटणार नाही. पाऊस धो धो पडतो, त्यामुळे जमीन आम्ल होते आणि शेताला चुना घालावा लागतो. अगदी शब्दशः चुना, वाक्प्रचारातला नव्हे. तर तिथल्या एका ऊस-उत्पादकाने सरकारकडे अर्ज केला की किनाऱ्यापासून काही अंतरावर एलिसन रीफ नावाचा प्रवाळखडक आहे, तो मेलेला आहे, तिथली चुनखडी खणून काढायची परवानगी द्या. अर्जात कपट होतं असं मानायचं कारण नाही. प्रवाळाचा सांगाडा म्हणजे चुनखडीच. त्याला मेलेल्या दगडाचा उपयोग करायचा होता, इतकंच.

त्या अर्जाची जाहिरात जॉन ब्यूस्ट यांच्या नजरेस पडली. ब्यूस्ट चित्रकार होते. बिंगिल बे या लहानशा गावात समुद्रकाठी राहायचे, आणि आसपासचं वर्षावन वाचवण्यासाठी आधीपासून धडपडत होते. त्यांनी ज्युडिथ राइट यांना कळवलं. ज्युडिथ राइट म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या मोठ्या कवयित्री. आणि त्या काळी क्वीन्सलंडच्या वन्यजीव संरक्षण संस्थेच्या अध्यक्षाही. तिसरे होते लेन वेब, जंगलांचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ. एक चित्रकार, एक कवयित्री, एक वनस्पतिशास्त्रज्ञ. तिघांपैकी एकही समुद्राचा तज्ज्ञ नाही. आम्हांला हे त्रिकूट फार आवडतं, हे कबूल करतो.

इनिसफेल या गावी खाणींच्या दंडाधिकाऱ्यापुढे सुनावणी झाली. इथे प्रकरण तत्त्वज्ञानाच्या अंगणात येतं, कारण वाद असा होता की हा रीफ जिवंत आहे की मेलेला? कोर्टाला पुरावा हवा. ब्रिस्बेनच्या विद्यापीठातली पोरं, पाणबुडीचा छंद असलेली, बाडबिस्तरा घेऊन उत्तरेला आली, एलिसन रीफवर उतरली आणि तिथे काय काय जगतं आहे याची मोजदाद करून परतली. तिथे शंख-शिंपले होते, मासे होते, जिवंत प्रवाळाच्या कितीतरी जाती होत्या. शिवाय त्यांनी आणखी एक मुद्दा मांडला, आणि तो आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचा. रीफचा जो भाग मेलेला दिसतो, तोही रीफच असतो. नव्या प्रवाळाची अळी येऊन बसते ती जुन्या सांगाड्यावर. आजोबांच्या हाडांवर नातवंडांचं घर. तेव्हा 'मेलेला भाग तेवढा न्या' हे म्हणणंच चुकीचं ठरतं.

अर्ज फेटाळला गेला. १९६८ साली सरकारनेही तसाच निर्णय दिला.

आता हे लढे जिंकले की कथा संपते असं आपल्याला वाटतं. इथे ती सुरू झाली. कारण खोदकाम सुरू केल्यावर लक्षात आलं (खोदकाम कागदांचं म्हणतोय आम्ही) की राज्य सरकारने रीफचा बहुतेक सगळा पट्टा तेलाच्या शोधासाठी कंपन्यांना वाटूनही टाकला होता. चुन्याचा अर्ज म्हणजे दारात आलेलं मांजर, मागे वाघ उभा. बड्या शास्त्रज्ञांपैकी अनेकांचं मत होतं की नियंत्रण ठेवून खनिजं काढायला हरकत नाही. हे आवर्जून सांगतो, कारण 'शास्त्रज्ञ विरुद्ध नफेखोर' असं सोपं चित्र आपण रंगवतो. त्या वेळी शास्त्र बरंचसं पलीकडच्या बाजूला होतं.

मग १९६९ च्या जानेवारीत अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ, सांता बार्बरापाशी, तेलविहीर फुटली. काळ्या पडलेल्या पक्ष्यांचे फोटो जगभर गेले. मार्च १९७० मध्ये ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला टॉरेस सामुद्रधुनीत एक तेलवाहू जहाज खडकावर आदळून तेल सांडलं. त्याच्या थोडंसं आधी, त्याच वर्षाच्या सुरुवातीला, कामगार संघटनांनी जाहीर केलं होतं की रीफवरच्या तेलशोधाच्या कामाला आमचा एकही माणूस हात लावणार नाही. कंपनीने काम थांबवलं. कवयित्रीच्या लेखांनी जे झालं नव्हतं ते जहाजावरच्या हमालांनी आणि खलाश्यांनी केलं. चौकशी आयोग नेमले गेले, ते कित्येक वर्षं चालले. ब्यूस्ट १९७१ मध्येच वारले, त्यांना निकाल दिसला नाही. पण १९७५ साली व्हिटलम सरकारच्या काळात ग्रेट बॅरिअर रीफ सागरी उद्यानाचा कायदा झाला, आणि त्या उद्यानात खनिजं काढायला बंदी आली. १९७९ मध्ये उद्यानाचा पहिला विभाग जाहीर झाला. १९८१ मध्ये जागतिक वारसास्थळांच्या यादीत नाव गेलं. राइट यांनी हा सगळा लढा १९७७ च्या पुस्तकात लिहून ठेवला आहे.

आज त्या उद्यानाचं क्षेत्रफळ ३,४४,४०० चौरस किलोमीटर आहे. आपला महाराष्ट्र ३,०७,७१३. म्हणजे आख्ख्या महाराष्ट्राहून मोठं कुंपण, तेही पाण्यात. २००४ साली तर त्यातला एक तृतीयांश भाग असा राखला गेला की तिथे गळसुद्धा टाकायचा नाही. त्याआधी हे प्रमाण पाच टक्क्यांच्याही आत होतं. जगभरातले समुद्र-संरक्षक तिकडे शिकायला जाऊ लागले.

इथे आपण जरा थांबू, आणि प्रवाळ म्हणजे काय ते बघू. कारण पोवळं म्हटलं की आपल्यापैकी निम्म्यांच्या डोळ्यांपुढे मंगळाची अंगठी येते. ते लाल पोवळं वेगळं. ते खोल, अंधाऱ्या पाण्यातलं, मुख्यतः भूमध्य समुद्रातलं. त्याच्याने रीफ बांधला जात नाही. रीफ बांधणारं प्रवाळ म्हणजे टाचणीच्या डोक्याएवढ्या किंवा त्याहून थोड्या मोठ्या जिवांची वसाहत. तो प्राणी आहे. युरोपात शतकानुशतकं त्याला वनस्पती किंवा दगड समजत. पेसोनेल नावाच्या फ्रेंच वैद्याने अठराव्या शतकात सांगितलं की हा प्राणी आहे, तेव्हा पॅरिसच्या पंडितांनी त्याला हसून वाटेला लावलं. पंडितांचं हे असंच असतं, आम्हीही त्यातलेच.

तर हा प्राणी आपल्या अंगात भाडेकरू ठेवतो. अतिसूक्ष्म शैवाल. भाडेकरू उन्हावर अन्न तयार करतो आणि त्यातला मोठा वाटा घरमालकाला देतो. घरमालक त्याला आसरा आणि खत देतो. प्रवाळाचा रंग बराचसा या भाडेकरूचा. इतकं सुरेख सहजीवन, पण त्याची सहनशक्ती बेताची. उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानाच्या वर पाणी एक अंशभर गेलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, की शैवालाचं काम बिघडतं, त्यातून घातक द्रव्यं तयार होतात, आणि प्रवाळ भाडेकरूला घराबाहेर काढतं. मागे पारदर्शक मांस, आणि त्यातून दिसणारा पांढराफटक सांगाडा. याला ब्लीचिंग म्हणतात. धोब्याकडचा शब्द. पांढरं झालेलं प्रवाळ लगेच मरत नाही. ते उपाशी असतं. पाणी लवकर निवलं तर शैवाल परततं. नाही निवलं तर मरण.

हे कधी कळलं? आम्हांला वाटलं होतं, अगदी अलीकडे. पण १९२८-२९ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांची एक तुकडी लो आइल्स या चिमुकल्या बेटावर वर्षभर राहिली होती. प्रमुख होते मॉरिस याँग, वय अठ्ठावीस. त्यांनी प्रवाळाला गरम पाण्यात ठेवून बघितलं, आणि ते आपलं शैवाल बाहेर टाकतं हे १९३१ मध्ये छापून ठेवलं. म्हणजे इनिसफेलच्या सुनावणीच्या छत्तीस वर्षं आधी हे ग्रंथालयात होतं. पण ते कुणाला धोका म्हणून दिसलं नाही. दिसणार कसं? प्रयोगशाळेतली कढई तापवता येते, समुद्र कोण तापवणार?

१९९८ साली समुद्र तापला. एल निनोचं वर्ष होतं. जगभर प्रवाळ पांढरं पडलं, ग्रेट बॅरिअर रीफवरही आणि आपल्या लक्षद्वीपमध्येही. मग २००२. आणि मग २०१६.

टेरी ह्यूज हे तिथले नामांकित प्रवाळ-शास्त्रज्ञ. त्यांच्या तुकडीने २०१६ च्या मार्च-एप्रिलमध्ये विमानातून ९११ रीफ पाहिले. ज्यावर ब्लीचिंगची खूण नाही असे निघाले सात टक्के. येत्या सहा-आठ महिन्यांत उथळ पाण्यातलं जवळजवळ तीस टक्के प्रवाळ मेलं. ह्यूज यांनी तेव्हा लिहिलं होतं की पाहणीचे निष्कर्ष विद्यार्थ्यांना दाखवले आणि सगळे रडलो. ज्येष्ठ शास्त्रज्ञ हे जाहीरपणे सांगतो, तेव्हा शिक्षक म्हणून आम्हांला तो वर्ग डोळ्यांपुढे दिसतो.

पण रडण्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट पुढच्या वर्षी छापून आली. सगळ्यात जास्त मार कुठे बसला? उत्तरेच्या तिसऱ्या हिश्श्याला. हा भाग सगळ्यात दूरचा, सगळ्यात स्वच्छ, शहरांपासून लांब, शेतांच्या गाळापासून लांब, मासेमारी नगण्य. दक्षिणेचा भाग वाचला, तो कुणी राखला म्हणून नव्हे. फिजी बेटांची दैना करून आलेल्या विन्स्टन चक्रीवादळाचे उरलेसुरले ढग आणि पाऊस तिथे वेळेवर पोचले म्हणून. शास्त्रज्ञांनी ताडून पाहिलं की जिथे मासेमारीला बंदी आहे तिथे ब्लीचिंग कमी झालं का? जिथे पाणी नितळ आहे तिथे कमी झालं का? उत्तर आलं, जवळजवळ काही फरक पडला नाही. तीव्र उष्णतेपुढे कुंपणाचा उपयोग झाला नाही.

श्रोतेहो, हे वाक्य नीट ऐका. १९६७ पासून जे जे उभं केलं, ते चुकीचं नव्हतं. चुना नेणारा दिसत होता, त्याचं नाव-गाव होतं, त्याच्यावर हरकत घेता येत होती, कोर्ट होतं, तारीख होती. तेल काढणाऱ्याला कामगार 'येणार नाही' म्हणू शकत होता. गळ टाकणाऱ्याला दंड करता येतो. पण समुद्र तापवणाऱ्याला समन्स कुणाच्या नावे काढायचं?

१९७९ साली, म्हणजे उद्यानाचा पहिला विभाग जाहीर झाला त्याच वर्षी, हान्स योनास या जर्मन-ज्यू तत्त्वज्ञाचा जबाबदारीवरचा ग्रंथ आला. तो म्हणाला की आपली सगळी जुनी नीती शेजाऱ्याची आहे. चोरी करू नको, खोटं बोलू नको, अतिथीला उपाशी पाठवू नको. ज्याचं भलं-बुरं मी करतो तो माझ्या समोर, माझ्या काळात असतो. पण यंत्रयुगात माझ्या कृतीचं टोक इतकं लांब पोचतं की तिथे माझी नजरच जात नाही. आम्ही हे वर्गात वर्षानुवर्षं शिकवलं, आणि खरं सांगायचं तर उदाहरण देताना अडखळायचो. अणुकचरा वगैरे सांगायचो. आज उदाहरण शोधावं लागत नाही.

शेजार किती लांबचा, ते पाहा. याच क्वीन्सलंडच्या पोटात कोळसा आहे. बोवेन खोऱ्यातला पोलादासाठी लागणारा कोळसा उत्तम प्रतीचा, आणि त्याच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकांत आपण आहोत. आपल्या नव्या इमारतींच्या सळया, मेट्रोचे रूळ यांत तो कोळसा जळलेला असतो. तो ज्या बंदरांतून निघतो ती हे पॉइंट, अ‍ॅबट पॉइंट, ग्लॅडस्टन ही बंदरं रीफच्या काठावर आहेत. जहाजं रीफमधल्या वाटांनीच बाहेर पडतात. एका भारतीय उद्योगसमूहाची कारमायकल खाण तिथेच आहे, तिच्यावरून तिकडे मोठं रण माजलं होतं. आम्ही कुणाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करत नाही. करायचंच झालं तर ज्या दिव्याखाली बसून आम्ही ही टिपणं काढली त्याची वीजही कोळशाचीच. सांगायचं इतकंच की त्या खटल्यात आपण प्रेक्षक नाही.

सरकारांनी काय केलं, हेही सांगायला हवं. २०१६ मध्येच युनेस्कोचा एक अहवाल निघाला, वारसास्थळं, पर्यटन आणि बदलतं हवामान यांवर. त्यातला ऑस्ट्रेलियाविषयीचा मजकूर ऑस्ट्रेलिया सरकारने हरकत घेतल्यावर काढला गेला. कारण दिलं की पर्यटनावर परिणाम होईल. २०२१ मध्ये रीफला 'धोक्यातील वारसा' यादीत टाकावं अशी शिफारस आली, तेव्हा सरकारने देशोदेशी शिष्टाई करून ती लांबवली. विचित्र बघा, १९६७ मध्ये रीफ नको असलेला माणूस म्हणत होता 'तो मेलेला आहे', आणि कवयित्री म्हणत होती 'जिवंत आहे'. पन्नास वर्षांनी सरकार म्हणतं 'ठणठणीत आहे', आणि रीफवर जीव टाकणारे शास्त्रज्ञ म्हणतात 'मरतोय हो'. बाजू तशाच, वाक्यांची अदलाबदल झाली.

आणि 'मेला' म्हणणाऱ्यांचंही सगळं खरं नाही. २०२२ साली उत्तर आणि मध्य भागातलं प्रवाळाचं आच्छादन, मोजणी सुरू झाल्यापासूनच्या छत्तीस वर्षांत सर्वाधिक भरलं. काही लोकांनी लगेच ओरड केली, 'बघा, उगीच घाबरवत होते.' पण वाढलं होतं ते मुख्यतः झपाट्याने फांद्या टाकणारं प्रवाळ, आणि उष्णतेत पहिला बळी त्याचाच. २०२४ चा उन्हाळा आला. आठ वर्षांतलं पाचवं मोठं ब्लीचिंग. आच्छादन पुन्हा धाडकन खाली. मुद्दा हा आहे की रीफला भरून यायची ताकद आहे, वेळ नाही. १९८०च्या सुमारास जगातल्या एखाद्या रीफवर दोन तीव्र ब्लीचिंगमध्ये पंचवीस-तीस वर्षांचं अंतर असायचं. २०१६ पर्यंत ते सहा वर्षांवर आलं. झपाट्याने वाढणाऱ्या जातींनाही सावरायला दहाएक वर्षं लागतात. आजारी माणूस उठून बसतो न बसतो तोच पुन्हा ताप.

आता लोक काय काय करत आहेत! समुद्राचं पाणी बारीक तुषारांनी हवेत उडवून ढग अधिक पांढरे करायचे, म्हणजे ऊन परत जाईल. याचा छोटा प्रयोग २०२० मध्ये रीफवर झाला. उष्णता सोसणाऱ्या प्रवाळांचा संकर करायचा. वर्षातून एकदा, पौर्णिमेनंतरच्या काही रात्री, शेकडो जातींची प्रवाळं एकाच वेळी बीज सोडतात; १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्याच तरुण संशोधकांनी हे पहिल्यांदा नोंदवलं. आता ते बीज गोळा करून, अळ्या वाढवून उजाड खडकांवर पेरतात. अमेरिकेत फ्लोरिडाला २०२३ च्या जुलैमध्ये पाणी इतकं तापलं की समुद्रातल्या रोपवाटिकांमधलं प्रवाळ उचलून जमिनीवरच्या टाक्यांत आणावं लागलं. पुरात घरातली भांडीकुंडी माळ्यावर टाकतात तसं. या माणसांची आम्ही चेष्टा करत नाही. त्यांनी राखलेलं वाण उद्या उपयोगी पडेल. पण महाराष्ट्राहून मोठ्या समुद्राला हाताने पेरणी पुरणार नाही, हे तेच लोक सगळ्यांत आधी सांगतात. २०१८ चा आंतरराष्ट्रीय हवामान मंडळाचा अहवाल असं म्हणतो की पृथ्वी दीड अंशाने तापली तर उथळ पाण्यातले सत्तर ते नव्वद टक्के प्रवाळ जातील. दोन अंशांनी तापली तर नव्याण्णव टक्क्यांहून अधिक. अर्ध्या अंशाचा फरक म्हणजे शंभरातले दहा-तीस, की एखादाही नाही. हा अर्धा अंश कोळसा-तेलाच्या हिशेबात मिळवायचा आहे, रीफवर जाऊन नाही.

मग कुंपण काढून टाकायचं? मुळीच नाही. ज्या रीफवर मासे टिकून आहेत आणि पाणी गढूळ नाही तो तापातून उठतो लवकर. कुंपण ताप अडवत नाही, पण तापानंतरची पेज तेवढी देतं. शेवटी हे सांगायला आम्हांला दूर जायला नको. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या पाण्यात प्रवाळ आहे. १९८७ मध्ये तिथे सागरी अभयारण्य जाहीर झालं, जेमतेम २९ चौरस किलोमीटरचं, आणि मच्छीमारांनी त्याला विरोध केला. पोटावर पाय येणार म्हटल्यावर माणूस विरोध करणारच. आम्ही काही वर्षांपूर्वी होडीत बसून तिथे गेलो. पर्यटक पाण्यात उतरून प्रवाळावर उभे राहून फोटो काढत होते. आमचा होडीवाला नांगर टाकताना मुद्दाम वाळूचा तुकडा शोधत होता. आम्ही विचारलं, इथेच का? तो म्हणाला, "सर, खडकार टाकलंय तर मोडतला ना ता." मग हात पाण्यात घालून, आपल्याशीच बोलल्यासारखं, "पाणी मात्र हल्ली लय गरम लागता."

एलिसन रीफ, तो खटल्यातला, रीफच्या मधल्या तिसऱ्या हिश्श्यात आहे. २०१७ साली ब्लीचिंगचा सगळ्यात जास्त मार त्याच हिश्श्याला बसला. सुनावणीला तेव्हा बरोबर पन्नास वर्षं झाली होती. ज्युडिथ राइट २००० साली गेल्या; १९९८ चं त्यांच्या हयातीत घडलं.

वेळ संपत आली आहे. प्रश्न असतील तर घेऊ. चिठ्ठीवाल्या बाई आल्या असतील, तर त्यांनी आधी विचारावं.